पाळणाघराची सफाई आणि दुरुस्ती: माजी विद्यार्थ्यांच्या गटासाठी मार्गदर्शन

माजी विद्यार्थ्यांचा गट जमला आणि वस्तीतल्या पाळणाघरासाठी काही करायचं ठरलं, की पहिली सूचना बहुतेक वेळा रंगाची येते. भिंती उजळवू, चित्रं काढू. पण तिथे दिवसभर मुलांमागे असणाऱ्या ताईंना विचारलं तर वेगळीच यादी हाती येते: नळ ठिबकतो म्हणून मोरीसमोरची फरशी कायम निसरडी असते, संडासाची कडी मूल आतून लावून घेतं आणि बाहेरून उघडत नाही, खेळण्यांच्या कपाटाचं दार एकाच बिजागरीवर लटकतंय. खरं काम ते आहे. रंग शेवटी येतो, आणि वेळ उरला नाही तर राहूनही जातो. त्यात काही बिघडत नाही.

पाहणी: कामाच्या किमान तीन आठवडे आधी

दोन फेऱ्या कराव्यात. पहिली मुलं असताना, दोघांनीच, ताईंच्या सोबत. फोटो काढायचे नाहीत, फक्त बघायचं: मुलं कुठे अडखळतात, कुठे लोंबकळतात, कुठल्या कोपऱ्यात ताईंची नजर पोचत नाही. दुसरी फेरी जागा रिकामी असताना. या वेळी गुडघ्यांवर बसा आणि जमिनीपासून साधारण ९० सेंटीमीटर उंचीवरून खोली पाहा. टेबलाच्या खालून बाहेर आलेलं स्क्रूचं टोक, बाकाच्या कडेची फाटलेली फळी, पलंगामागचा उघडा सॉकेट, खिडकीच्या पडद्याची लोंबणारी दोरी या गोष्टी उभ्या माणसाला दिसत नाहीत.

जे दिसेल त्याची यादी तीन भागांत लिहा: मुलाला इजा होऊ शकते असं, रोजच्या कामात अडथळा आणणारं, आणि नुसतं दिसायला वाईट. पहिला भाग पूर्ण झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही. यादी संचालक आणि ताई दोघांकडून तपासून घ्या. इमारतीचा मालक वेगळा असेल तर कशाला छिद्र पाडायचं, काय तोडायचं, काय बदलायचं याची लेखी परवानगी आधी हवी.

याच वेळी दोन धोके तपासायचे, कारण ते सापडले तर सगळा बेत बदलतो.

एक, जुना रंग. जुन्या इमारतींत, विशेषतः खिडक्या-दारांच्या तैलरंगात, शिसं असू शकतं. लहान मुलाच्या शरीरात शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नसतं. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि मुलं हात तोंडात घालतात. रंगाचं वय माहीत नसेल तर पोपड्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत शिसं आहे असंच धरा: कोरडा पॉलिश पेपर नाही, घासायचं मशीन नाही, हीट गन तर नाहीच. रंग घट्ट असेल तर पुसून वरून नवा हात देता येतो. तो सुटत असेल आणि शिसं निघालं, तर ते काम स्वयंसेवकांचं नाही, प्रशिक्षित माणसांचं आहे.

दुसरा, सिमेंटचे जुने नालीदार पत्रे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. अशा पत्र्याला भोक पाडणं, तो कापणं, तारेच्या ब्रशने घासणं किंवा जोराच्या फवाऱ्याने धुणं यातलं काहीही करू नका. धूळ उडाली की तंतू फुप्फुसात जातात. पत्रा अखंड असेल तर तो तसाच राहू द्या.

माणसं आणि वेळ

लागून मिळालेले किमान चार-पाच सुट्टीचे दिवस निवडा. दोन दिवसांत काम होतं, पण रंग सुकायला आणि जागेतला वास जायला उरलेले दिवस लागतात. तान्ही बाळं असतील तर रंगकामानंतर आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवणं जास्त बरं.

वीस-पंचवीस माणसं पुरतात. एका मध्यम खोलीत चारपेक्षा जास्त जण शिरले की एकमेकांच्या शिडीखाली काम सुरू होतं. चार-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला काम माहीत असलेला एक प्रमुख द्या. माजी विद्यार्थ्यांच्या गटाचा मोठा फायदा इथे असतो: एकाच बॅचमध्ये कुणी सुतारकाम करतं, कुणी प्लंबिंग, कुणी स्थापत्य अभियंता असतं, कुणी परिचारिका. नाव नोंदवतानाच हातातलं कौशल्य विचारून घ्या. एक माणूस मात्र ब्रश न धरणारा हवा. साहित्य कुठे आहे, कुठला गट अडला, कुणाच्या हाताला लागलं हे बघणं हेच त्याचं काम.

वायरिंगचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं, त्यात सवलत नाही. ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षक स्विच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं) बसवलेलं नसेल तर ते बसवून घेणं आणि मुलांच्या हाताला येणाऱ्या सॉकेटना आतून बंद होणाऱ्या झडपा लावणं, या दोन गोष्टी पहिल्या यादीत असाव्यात. बाहेरून खोचायच्या प्लास्टिकच्या टोप्यांवर विसंबू नका. मूल त्या काढतं आणि तोंडात घालतं.

गंजलेल्या लोखंडाला हात लावणाऱ्यांनी धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे ना, हे आधीच विचारा. काम चालू असताना मुलं आवारात नकोत, स्वयंसेवकांची स्वतःचीही.

पहिला दिवस, सकाळ: रिकामं करणं आणि पाणी थांबवणं

आधी अवजारं मोजून यादी करा. संध्याकाळी तीच संख्या परत मोजायची आहे. पाळणाघरात विसरलेला एक कटर पुढच्या सोमवारी कुठल्यातरी तीन वर्षांच्या मुलाच्या हातात असतो.

खोल्या रिकाम्या करताना खेळणी तीन ढिगांत टाका: धुवायची, दुरुस्त करायची, फेकायची. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून, म्हणजे साधारण चार सेंटीमीटर व्यासातून, जी वस्तू किंवा तुटलेला तुकडा पडू शकतो तो तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत ठेवायचा नाही. बटण सेल असलेलं खेळणं ठेवायचं तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. गिळलेला सेल अन्ननलिका दोन-तीन तासांत जाळायला लागतो. सुटी छोटी चुंबकं थेट बाहेर.

मग पाणी. ठिबकणाऱ्या नळाचा वरचा कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, आणि मगच पाना लावा. फिरवून फिरवून बंद होणाऱ्या जुन्या नळात बहुतेक वेळा रबरी वॉशर झिजलेलं असतं. जुनं वॉशर सोबत नेऊन त्याच मापाचं आणा. वॉशर ज्यावर बसतं ती आतली कडा बोटाने तपासा. ती खरवडलेली असेल तर नवं वॉशर काही आठवड्यांतच जाईल, मग नळच बदललेला बरा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतं, आतलं आख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. प्लास्टिकचा जोड हाताने घट्ट करून पान्याने जेमतेम पाव फेरा. नवशिके इथे जोर लावतात, जोडाला केसासारखी चीर पडते आणि गळती रात्री सुरू होते.

फ्लशची टाकी सतत वाहत असेल तर झाकण उघडून बघा. पाणी उभ्या नळीच्या तोंडातून आत जात असेल तर फ्लोट खाली आणून पातळी त्या तोंडाच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवा. तसं नसेल तर टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर तळाचं रबरी सील गेलं आहे.

ओल आलेल्या भिंतीवर एक चाचणी आधीच, म्हणजे पाहणीच्या वेळी करायची. एक फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय: छप्पर, नळ किंवा बाहेरचं गटार शोधा. खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीत वाफ कोंडते आहे आणि गरज हवा खेळण्याची आहे. कारण न काढता वरून रंग दिला तर काही महिन्यांत तो फुगून सुटतो, आणि त्याबरोबर सगळ्यांचा उत्साहही. बुरशी साधारण एक चौरस मीटरपेक्षा जास्त पसरली असेल तर ती जाणकाराकडून काढून घ्या.

दुरुस्ती

दारं आणि कपाटांपासून सुरुवात करा, कारण इथे डिंक सुकायला वेळ लागतो. बिजागरी सैल होते ती बहुधा लाकडातलं भोक मोठं झाल्यामुळे. त्यात जाड स्क्रू ठोकला की लाकूड फाटतं. त्याऐवजी दार टेकू देऊन उतरवा, भोकातला भुसा झटका, सुतारकामाचा पांढरा डिंक भरा आणि डिंकात बुडवलेल्या बारीक लाकडी काड्या भोक गच्च होईपर्यंत ठोका. बाहेर आलेलं टोक कापून सपाट करा आणि शक्यतो रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी स्क्रूपेक्षा बारीक बिटाने भोक पाडून तोच जुना स्क्रू बसवा. हातपेचकसानेच आवळा, ड्रिल मशीनने शेवटचा फेरा दिला तर नवीन भरावही फिरून जातो. बिजागरीच्या बाजूच्या फटीत मुलांची बोटं चिरडतात, म्हणून तिथे लवचीक पट्टीचं बोट-संरक्षक लावा.

संडासाची कडी अशी हवी की बाहेरून मोठ्या माणसाला नाण्याने किंवा पेचकसाने उघडता येईल. फाटकाची कडी दीड मीटर उंचीवर ठेवा. बाहेर पडायचं मुख्य दार मात्र आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, आग लागली तर ताईंना किल्ली शोधायला वेळ नसतो.

उभी कपाटं भिंतीला बांधणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वेळा विसरलं जाणारं काम आहे. मूल खालचा खण उघडून त्यावर चढतं आणि कपाट अंगावर येतं. विटांच्या भिंतीत ८ मिलिमीटर बिटाने प्लगच्या (भिंतीत स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) लांबीपेक्षा थोडं खोल भोक पाडा, धूळ काढा, ८ मिलिमीटरचा प्लग आणि साधारण ५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरा. प्लग प्लास्टरमध्येच अडकला तर झटक्यासरशी सुटेल. तो विटेत पोचला पाहिजे. प्रत्येक कपाटाला वरच्या भागात दोन एल-ब्रॅकेट, आणि बसवल्यावर एका मोठ्या माणसाने पुढे ओढून पाहणं सक्तीचं. भिंतीत वायर किंवा नळ कुठून जातो हे आधी इलेक्ट्रिशियनला विचारा. सॉकेटच्या सरळ वर आणि खाली ड्रिल करू नका.

कठड्यांच्या आणि खेळण्यांच्या चौकटींच्या फटी मोजा. साधारण ९ ते २३ सेंटीमीटरमधली फट घातक: अंग आत जातं, डोकं अडकतं. पाळण्याच्या गजांमधली फट ४.५ ते ६.५ सेंटीमीटर असावी. वरच्या मजल्यावरची खिडकी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही अशी अडक बसवा, पण ती आणीबाणीत सुटायची वाट असेल तर मोठ्या माणसाला अडक काढता यायला हवी. पडद्याच्या दोऱ्यांचे फास कापून टाका आणि उरलेली दोरी दीड मीटरवर खुंटीला गुंडाळा.

अंगणात झोपाळ्याच्या एस-आकाराच्या कड्या पूर्ण आवळलेल्या हव्यात. तोंडातून एक मिलिमीटरचं कार्ड जाता कामा नये. बोल्टचे दोनपेक्षा जास्त आटे नटाबाहेर दिसत असतील तर कापून कानस मारा, वर टोपी बसवा. घसरगुंडी आणि चढायच्या खेळाभोवती सगळ्या बाजूंनी १.८ मीटर मोकळी जागा आणि खाली मऊ थर हवा. गवत किंवा घट्ट दाबलेली माती हा मऊ थर नव्हे. वाळू घातली असेल तर ती उकरून, चाळून किमान २३ सेंटीमीटर खोल ठेवा. वाळूच्या हौदावर रात्री झाकण हवंच. मांजरं तिथेच घाण करतात.

रंग, वेळ असेल तर

हिशोब सोपा आहे. ५ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंच खोली: भिंतींचं क्षेत्र ५४ चौरस मीटर. दारं-खिडक्या ६ वजा केल्या की ४८. दोन हात म्हणजे ९६. इमल्शन लिटरला सुमारे १० चौरस मीटर जातं, म्हणजे १० लिटर, आणि प्रायमर ५ लिटर. पुट्टी लावलेल्या नव्या भागावर प्रायमर न देता रंग दिला तर तिथे चट्टे दिसतात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. तो घाईने कमी केला की पहिला हात रोलरला चिकटून निघतो. कमी वासाचा, शिसं नसल्याचं स्पष्ट लिहिलेला रंग घ्या. जमिनीपासून १.२ मीटरपर्यंत धुता येणारं तुकतुकीत फिनिश हवं, तिथेच तेलकट हात लागतात.

चित्रांबद्दल एक आग्रह: चारही भिंती भरू नका. मुलांची स्वतःची चित्रं लावायला ताईंना कोरी भिंत लागते. एक भिंत पुरे, आणि काय काढायचं हे ताईंनी ठरवावं. स्वयंसेवकांची नावं आणि बॅचचं वर्ष मुलांच्या खोलीत नको.

शेवटची सफाई आणि निर्जंतुकीकरण

वरून खाली: पंखे, दिवे, खिडक्या, फडताळं, भिंतीचा खालचा भाग, शेवटी फरशी. संडासाचे फडके, बादली आणि हातमोजे वेगळ्या रंगाचे ठेवा आणि ते खोल्यांमध्ये नेऊ नका.

ब्लीच घाणीवर काम करत नाही. मळ त्याची ताकद खाऊन टाकतो. म्हणून आधी साबण-पाणी, मग स्वच्छ पाणी, मग ब्लीच. ५ टक्क्यांच्या, बिनवासाच्या ब्लीचचं प्रमाण असं:

- संडास, डायपर बदलायचं टेबल, मोरी: १ लिटर द्रावणात २० मिलिलिटर (०.१ टक्का). पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्या.
- तोंडात जाणारी प्लास्टिकची खेळणी: १ लिटरला ४ मिलिलिटर (०.०२ टक्के). दोन मिनिटांनी साध्या पाण्यातून काढून हवेवर सुकवा.

बाटलीवर वेगळी टक्केवारी असेल तर हवी असलेली टक्केवारी भागिले बाटलीची टक्केवारी, गुणिले १०००. तितके मिलिलिटर एका लिटर द्रावणाला. पाणी गारच घ्या आणि द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हे खूपदा घडतं ते दोन जण वेगवेगळ्या बाटल्या घेऊन एकाच संडासात काम करतात तेव्हा. त्यासाठी तिथे एकच माणूस, एकच रसायन. अ‍ॅसिड वापरायचंच असेल तर आदल्या दिवशी, आणि भरपूर पाण्याने धुऊन.

पाण्याची टाकी हे स्वतंत्र काम आहे आणि त्याला पूर्ण एक दिवस हवा. टाकी रिकामी करून गाळ काढा, ब्रशने घासा, धुवा. आत उतरावं लागणार असेल तर बाहेर दुसरा माणूस उभा हवाच. पाव भरा, १००० लिटरच्या टाकीला ५ टक्क्यांचं १ लिटर ब्लीच घाला, मग पूर्ण भरा. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, म्हणजे नळ्यांमध्येही ते पोचेल, आणि बंद करा. चोवीस तास तसंच ठेवा. प्रत्येक नळावर ‘पिऊ नका’ अशी पाटी. नंतर पाणी सोडून टाकी आणि नळ स्वच्छ पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. हे पाणी झाडांना किंवा विहिरीजवळ सोडू नका.

चादरी आणि कापडी खेळणी कपड्याला चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. फोमच्या गाद्या भिजवू नका. आतून वाळत नाहीत आणि बुरशी धरतात. खोळ फाटलेली आणि फोम मळलेला असेल तर गादी बदला.

दान आलेल्या वस्तूंबाबत संकोच बाजूला ठेवा. चाकांचे वॉकर, बाजू सरकवून खाली येणारे पाळणे, बटण सेलची वाजणारी खेळणी परत करा. जागा नसताना आलेली खेळण्यांची पोती ताईंचं काम वाढवतात. टेबल-खुर्च्या द्यायच्या असतील तर माप बघा: सुमारे ९३ ते ११६ सेंटीमीटर उंचीच्या मुलांसाठी बैठक २६ आणि टेबल ४६ सेंटीमीटर. पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

शेवटी अवजारं मोजा, अंगणात दोरीला बांधलेलं चुंबक फिरवून खिळे गोळा करा, आणि प्रत्येक खोलीच्या फरशीवर तळहात फिरवा. बारीक स्क्रू आणि तारेचे तुकडे डोळ्यांपेक्षा हाताला आधी सापडतात.

ताब्यात देताना

ताईंबरोबर खोली-खोली फिरा, प्रत्येक कडी त्यांना उघडायला लावा. एका कागदावर लिहून द्या: कुठल्या नळाला कुठल्या मापाचं वॉशर, रंगाचा कोड आणि खोली, टाकी कधी धुतली, मेन स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे. उरलेला रंग एका लहान घट्ट डब्यात, नाव-तारीख लिहून, कुलपात. बाकीची सगळी रसायनं परत न्या. पाण्याच्या बाटलीत ओतलेलं अ‍ॅसिड ‘उपयोगी पडेल’ म्हणून ठेवून जाऊ नका.

दीड महिन्याने तीन-चार जणांनी पेचकस, पाना आणि थोडा डिंक घेऊन परत यायचं, आणि ही तारीख आजच ठरवायची. त्या वेळी ओल आलेल्या भिंतीवर हात ठेवून पाहा, कपाटांचे ब्रॅकेट ओढून पाहा, बिजागऱ्या आवळा, नळांखालचे जोड कोरड्या कागदाने पुसून गळती तपासा आणि झोपाळ्याच्या कड्यांमध्ये पुन्हा कार्ड घालून बघा.